इंजिनाला हायड्रॉलिक पंप जोडायचाय, कपलिंग कोणतं घेऊ? (एक सिलिंडर डिझेल)

वखारीचा_भाचा

नमस्कार मंडळी. आमच्या मामांची बडोद्याजवळ, पादरा गावाच्या रस्त्यावर जळाऊ लाकडाची वखार आहे. लग्नसराईत महाराज लोकांच्या (स्वयंपाक्यांच्या) चुलींना फोडलेलंच लाकूड लागतं आणि दिवसभर कुऱ्हाड चालवणारा माणूस आता मिळत नाही. म्हणून लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन बनवायला घेतलंय, मकरपुऱ्यात ओळखीच्या शेडमध्ये. वखारीत थ्री-फेज नाही, त्यामुळे मोटरचा विषय संपला. डिझेल इंजिनच.

माल असा आहे: इंजिन १० एचपी, १५०० आरपीएम, एक सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. बाहेर आलेला शाफ्ट ३२ मिमी. पंप १६ सीसीचा गिअर पंप, त्याचा शाफ्ट टेपर, म्हणजे निमुळता. सिलिंडरचा बोअर १००, स्ट्रोक ६००. रिलीफ (जास्तीचा दाब सोडणारा वाल्व) १७५ बारला लावलाय. इंजिन रबर पॅडवर, पंप अँगलच्या ब्रॅकेटवर, ब्रॅकेट चासीला वेल्ड.

दुकानदाराने एल-१०० साइजचं जॉ कपलिंग दिलं, दोन लोखंडी जबडे आणि मध्ये काळ्या रबराचा पाकळ्यांचा स्पायडर. आठवड्याभरात रबराचा चुरा. नवा घातला, त्याचंही तेच. आता दुकानदार म्हणतो पिवळा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) कडक स्पायडर घाला, टर्नर म्हणतो रबरी टायरने दोन हब जोडणारं टायर कपलिंग लावा, मामा म्हणतात वेल्ड करून टाक. कोणाचं ऐकू?

फुकटसल्लागार

मामांचं. वेल्ड केलंत की कपलिंगचा प्रश्न कायमचा मिटतो. मग फक्त पंपाचा प्रश्न उरतो.

तेलकट_हात

कोणाचंच ऐकू नका, आधी जुना स्पायडर टेबलावर ठेवा आणि नीट बघा. पाकळ्या एकाच बाजूने चेपून, कडेने फाटल्या असतील तर टॉर्क जास्त होतोय. सगळीकडून झिजून खाली काळी पूड पडली असेल तर शाफ्ट सरळ रेषेत नाहीत आणि रबर प्रत्येक फेऱ्यात घासलं जातंय. चिकट, फुगल्यासारखं झालं असेल तर डिझेल किंवा तेल लागतंय का पाहा. यातलं काय आहे?

वखारीचा_भाचा

पूड. कपलिंगखाली चासीवर काळी रांगोळीच पडलेली असते. पाकळ्या फाटलेल्या नाहीत, बारीक झाल्यात.

तेलकट_हात

मग निम्मं उत्तर मिळालं. पीयू घेऊ नका अजून.

कलाभवनी

मी निवृत्त मास्तर, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. पोरांनो, कागद घ्या.

इंजिनाचा टॉर्क: ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम. १० एचपी म्हणजे ७.४६ किलोवॅट, १५०० ला भागलं की सुमारे ४७.५ न्यूटन-मीटर.

पंपाला लागणारा टॉर्क: सीसी गुणिले बार भागिले ६२.८. म्हणजे १६ × १७५ / ६२.८ = ४४.६. हा कागदावरचा. पंपात घर्षण असतं, यांत्रिक कार्यक्षमता ९० टक्के धरली तर साडेएकोणपन्नास. म्हणजे रिलीफ उघडायच्या आत तुमचं इंजिन गुदमरणार. धूर काळा येतो का, लाकूड अडकलं की?

रिलीफ १४० बारला आणा. टॉर्क चाळिसाच्या आसपास येतो. १०० मिमीच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटीमीटर, १४० बारला जोर ११ टनांच्या वर मिळतो. सरळ रेषेच्या लाकडाला तो पुष्कळ झाला. गाठीचा बाभूळ असेल तर गोष्ट वेगळी.

आता कपलिंग. एल-१०० ला काळ्या रबराचा स्पायडर घालून कॅटलॉगात सुमारे ४७ न्यूटन-मीटर दिलेले असतात. एक सिलिंडरचं इंजिन, सर्व्हिस फॅक्टर (धक्क्यांसाठी टॉर्कला गुणायचा आकडा) दोन तरी धरायला हवा. चाळीस दुणे ऐंशी. म्हणजे एल-११०, ज्याला साधारण ८९ मिळतात. दुकानदाराने भोक बसतंय म्हणून कपलिंग दिलं, टॉर्क पाहून नाही. हे बडोद्यातच नाही, सगळीकडे चालतं. एल-१०० मध्ये ३५ मिमीपर्यंत बोअर होतो, तुमचा ३२. बसलं. विषय संपला त्याच्या दृष्टीने.

वखारीचा_भाचा

सर, धूर येतो. भरपूर. मला वाटलं इंजिन नवीन आहे म्हणून.

रुकमणी_मोटर्स_नव्हे

कलाभवनी सर, आकडे बरोबर पण त्या दोनच्या फॅक्टरशी माझं भांडण आहे. हा शाफ्ट फ्लायव्हीलच्या बाजूचा आहे ना? एक सिलिंडर फोर-स्ट्रोक, १५०० ला सेकंदाला साडेबारा ठोके. ते ठोके फ्लायव्हील गिळतं, त्यासाठीच ते एवढं जड आहे. त्याच्या पुढे पंपाचे दोन चिमुकले गिअर. त्यांचं जडत्व ते काय! फ्लायव्हीलचा वेग जरा वरखाली झाला तरी पंपाला सोबत ओढायला फारसा टॉर्क लागत नाही. एक सिलिंडरला दोन-अडीचचा फॅक्टर हा जनरेटर किंवा मोठ्या इम्पेलरसारख्या जड रोटरसाठी खरा. इथे मला दीडसुद्धा पुरेसा वाटतो.

कलाभवनी

मुद्दा चांगला काढलात. स्थिर वेगाला तुमचं म्हणणं मान्य. पण तीन गोष्टी विसरलात. इंजिन चालू होताना आणि बंद होताना कमी वेगाला जे आचके बसतात ते फ्लायव्हील गिळत नाही. दुसरं, लाकडात पाचर घुसून अडकली की दाब क्षणात वर जातो आणि रिलीफ उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात दाब सेटिंगच्या वर उडी मारून येतो. तिसरं, आयडलिंगला बिनलोडचा पंप. जॉ कपलिंगमध्ये थोडी ढिलाई असतेच, तिथे जबडे पाकळ्यांवर पुढे-मागे आपटतात. कटकट आवाज येतो तो हाच. एल-११० ला पैसे थोडेच जास्त पडतात. घ्या ना मोठं.

रुकमणी_मोटर्स_नव्हे

मोठं घ्यायला ना नाही. फक्त ‘टॉर्क कमी पडला म्हणून चुरा झाला’ असं होऊ नये. चुरा कशाने झाला ते तेलकट_हात यांनी वर सांगितलंय.

मकरपुराकर

आणि तेच खरं आहे. सगळे कपलिंगच्या मागे लागलेत, पण मूळ पोस्टमधल्या दुसऱ्या परिच्छेदाची शेवटची ओळ वाचा हो. इंजिन रबर पॅडवर, पंप चासीला वेल्ड. एक डोलतंय, एक अडकलंय. सिंगल सिलिंडर बंद होताना पॅडवर किती हलतं ते बोट लावून (म्हणजे लांबून!) बघा, काही मिलिमीटर सहज. जॉ कपलिंग एल सिरीजला समांतर फरक साधारण ०.३८ मिमी आणि कोनातला फरक एक अंश एवढाच सोसवतो. तुम्ही त्याच्याकडून दसपट मागताय.

शेतातला साधा पंपसेट बघा कुठलाही. इंजिन आणि पंप दोन्ही एकाच चॅनेलच्या बेसवर, मध्ये पिन-बुश कपलिंग, आणि रबर टाकायचं तर बेसच्या खाली. वर्षानुवर्षं चालतात ते. बुश गेले तर खेडेगावातही मिळतात.

तुम्हाला रस्ते दोनच. एक, दोघांना एका सबफ्रेमवर घट्ट बसवा आणि ती सबफ्रेम रबरवर ठेवा. दोन, बेल हाउसिंग करा, म्हणजे पंप इंजिनाच्याच अंगावर लटकेल आणि इंजिन हलेल तसा हलेल. याशिवाय कोणतंही कपलिंग आणा, खाऊन टाकेल.

डभोईची_गाडी

माझा तिसरा रस्ता. इंजिनच काढा. डभोई-मियागाम रेल्वे १८६२ साली बैलांनी ओढली होती, गायकवाडांच्या राज्यात. ना कपलिंग, ना स्पायडर, ना अलाइनमेंट.

फुकटसल्लागार

बैलाचा सर्व्हिस फॅक्टर काय धरायचा सर?

कलाभवनी

तो बैलाला विचारायचा. माझं वय झालंय, लाथ परवडणार नाही.

लिस्टरप्रेमी

कोणी पट्ट्याचं नाव काढत नाही म्हणून लिहितोय. राजकोटचं लिस्टर टाइप इंजिन घ्या, ६५० आरपीएम, सावकाश ठकठक चालतं, आणि दोन व्ही-बेल्ट लावून पंप १५०० ला फिरवा. पाचर अडकली तर पट्टा घसरतो, काही मोडत नाही. कपलिंगला रामराम. शिवाय अलाइनमेंट नुसत्या दोरीने होतं.

तेलकट_हात

पट्टा चालतो, पण गिअर पंपाच्या शाफ्टवर थेट पुली चढवू नका, हात जोडतो. साध्या गिअर पंपाचे शाफ्ट बाजूचा ओढा सोसायला बनवलेले नसतात. आत बुश असतात, पट्ट्याने ओढलं की शाफ्ट एका बाजूला टेकतो, बॉडी खाल्ली जाते, सील गळायला लागतं. बाजूचा ओढा सोसायला पुढे वेगळं बेअरिंग दिलेला, आउटबोर्ड बेअरिंगवाला पंप मिळतो, नाहीतर दोन पेडेस्टल बेअरिंगांवर वेगळा शाफ्ट घ्यायचा, पुली त्याच्यावर, आणि त्या शाफ्टला पंप... कपलिंगनेच जोडायचा. म्हणजे फिरून तिथेच.

लिस्टरप्रेमी

आउटबोर्ड बेअरिंगवाला घ्यायचा, मी तेच म्हणत होतो.

तेलकट_हात

म्हणत नव्हता हो.

रावपुऱ्याची_सून

मी कपलिंगच्याच धंद्यात आहे, विक्रीत नाही, ड्रॉइंगवर. दोन-तीन गैरसमज दिसले म्हणून.

स्पायडर कडक म्हणजे चांगला असं नाही. काळं नायट्राइल रबर मऊ, धक्के पचवतं, टॉर्क कमी नेतं. पॉलियुरेथेन साधारण दीडपट नेतं, हायट्रेल तिप्पट. पण जितकं कडक तितका धक्का पलीकडे पोचतो, आणि जितकं कडक तितका अलाइनमेंटचा लाड कमी. शिवाय युरेथेनला गरमी चालत नाही, एल सिरीजच्या युरेथेनची मर्यादा ७१ अंश, रबराची १००. मे महिन्यात बडोद्यात, इंजिनाच्या शेजारी, जाळीच्या आत... विचार करा. दुसऱ्या पद्धतीच्या, फुगीर पाकळ्यांच्या कपलिंगमध्ये पिवळा, लाल, हिरवा असे रंग कडकपणा सांगतात, ९२ शोअर ए, ९८ शोअर ए आणि ६४ शोअर डी. पण बाजारातल्या सुट्या मालात रंगावर विश्वास नको. पिवळा काहीही असू शकतो.

दुकानदाराने पीयू सुचवला तो खोटं बोलत नव्हता. पीयू जास्त दिवस टिकेलही. पण रबर जे सहन करत होतं ते आता पंपाचं सील आणि इंजिनाचं मेन बेअरिंग सहन करेल. स्पायडरची किंमत आणि पंपाची किंमत शेजारी लिहून बघा.

मकरपुराकर

हे कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावा.

टर्नरचा_मुलगा

टायर कपलिंगची बाजू कोणीच घेत नाहीये, मी घेतो. आमच्याकडे रोज बसतात. टायर मऊ असतो, कोन, समांतर, पुढे-मागे सगळं जॉ पेक्षा कितीतरी जास्त सोसतो. ढिलाई शून्य, त्यामुळे आयडलिंगची कटकट नाही. टायर बदलायला इंजिन किंवा पंप मागे सरकवावा लागत नाही, टायर एका बाजूने कापलेलाच असतो, काढला की हातात. आणि फाटायला लागला की आधी भेगा दिसतात.

रावपुऱ्याची_सून

तुमचं बरोबर आहे, फक्त दोन गोष्टी. वेगात फिरताना टायर फुगतो आणि दोन्ही हब एकमेकांकडे ओढतो. गिअर पंपाच्या शाफ्टला लांबीच्या दिशेचा ओढा नको असतो. १५०० ला फार नाही, पण बसवताना हबमधलं अंतर कॅटलॉगप्रमाणेच ठेवा, टायर ताणून बसवू नका. दुसरं, व्यास मोठा, बेल हाउसिंगमध्ये मावत नाही बहुधा. उघड्या बेसवर असेल तर टायर उत्तम.

रुकमणी_मोटर्स_नव्हे

आणखी एक फरक. टायर फाटला की पंप थांबतो. जॉ चा स्पायडर गेला तरी लोखंडी जबडे एकमेकांत अडकलेले असतात, खडखडत का होईना फिरत राहतं. लिफ्ट-बिफ्ट असेल तर जॉ हवं. लाकूड फोडायच्या मशीनला थांबलं तर काय बिघडलं? उलट बरं. जॉ मध्ये लोक खडखड ऐकत ऐकत महिना काढतात आणि मग जबडेच गोल होतात.

टर्नरचा_मुलगा

अगदी हेच! आमच्याकडे जबडे वेल्डिंगने भरून द्या म्हणून येतात लोक. तेही कास्ट आयर्नचे.

फुकटसल्लागार

रविवारी कीर्तिस्तंभाजवळ शेव उसळ खायला जमायचं का सगळ्यांनी? तिथे टायर विरुद्ध जॉ हा सामना मिटवू.

रावपुऱ्याची_सून

शेव उसळ चालेल, पण पाव ज्यादा. (तिखट तरीवरून इथे वेगळा धागा होईल, थांबते.)

वखारीचा_भाचा

बाप रे, एवढं! सगळं वाचलं. इंजिन आणि पंप एका बेसवर घ्यायचं ठरवलंय, बेल हाउसिंग करायला या इंजिनाला सपाट मशीन केलेला फेसच नाही. खरेदीच्या आधी तीन प्रश्न.

एक, पंपाचा शाफ्ट टेपर आहे, पुढे नट. हबला टेपर बोअर कसा करून घ्यायचा? दोन, अलाइनमेंट कशाने बघायचं? माझ्याकडे डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारं) नाही. तीन, दोन हबमध्ये किती जागा सोडायची?

टर्नरचा_मुलगा

१:८ टेपर असणार, युरोपियन पद्धतीच्या ग्रुप २ पंपाला तोच असतो. पुढे एम-१२ चा नट आणि अर्धगोल चावी, वुड्रफ. पंपाचा पुढचा गोल खांदा ३६.५ मिमी आहे का मोजा, असेल तर नक्की तेच. टर्नरला पंपच नेऊन द्या. तो कंपाउंड स्लाइड लावून टेपर काढेल, मग टेकलेला भाग दाखवणारा निळा रंग लावून शाफ्टवर बसवून बघायचं, निदान तीन-चतुर्थांश भाग टेकला पाहिजे. टेपर नीट टेकला की टॉर्क टेपरच नेतो, चावी नुसती सोबतीला. टेपर नीट नसेल तर सगळा भार त्या चिमुकल्या वुड्रफवर येतो आणि ती कापली जाते.

आणि काहीही झालं तरी पंपाच्या शाफ्टवर हब हातोड्याने ठोकायचा नाही. आत गिअरच्या बाजूला पातळ प्लेट असतात, ठोकलं की त्याच मरतात. पंप नवाकोरा आणि दाबच येत नाही, मग पंपवाल्याला शिव्या. इंजिनाकडच्या सरळ हबलाही तेच, घट्ट असेल तर गरम तेलात टाकून फुगवा, सरकवा. ३२ च्या शाफ्टला चावी १० बाय ८ ची. ग्रब स्क्रू (हब आवळणारा बिनडोक्याचा स्क्रू) चावीच्या बरोबर वर घ्या, आणि धाग्याला निळं लॉकटाइट लावा. ग्रब ढिला होऊन हब हळूहळू इंजिनाकडे सरकतो, हे रोजचं आहे.

मकरपुराकर

अलाइनमेंट. डायल विकत घ्यायची गरज नाही, शेडमध्ये कोणाकडे तरी असेल, मॅग्नेटिक स्टँडसकट मागून आणा. नाही मिळाला तर सरळ धारेची स्टील पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). दोन्ही हब एकाच व्यासाचे आहेत, पट्टी वरून ठेवा, मग बाजूने, प्रकाश दिसतो का बघा, फिलर घाला. हे समांतर झालं. कोनासाठी दोन हबच्या तोंडांमधली फट चार ठिकाणी मोजा, वर-खाली-डावी-उजवी.

डायल असेल तर एका हबवर स्टँड, दुसऱ्याच्या परिघावर सुई, दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवायचे. लक्षात ठेवा, सुई जेवढी फिरते त्याच्या निम्मा फरक खरा. पुष्कळ लोक सगळा आकडा धरून पायाखाली शिम (पातळ पत्रे) घालतात आणि मग उलटीकडे जातात. ०.१ मिमीच्या आत आणा, ०.३८ ही परवानगी आहे, ध्येय नाही.

बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा बघा. आवळायच्या आधी चारही पायांखाली फिलर घालून बघा, एखादा पाय अधांतरी असतोच. तो तसाच आवळला की बेस पिळतो. आणि तासभर चालवून गरम असताना पुन्हा एकदा.

कलाभवनी

मकरपुराकरांनी सुई-निम्म्याचं सांगितलं ते माझ्या वर्गात निम्मी मुलं चुकायची. बडोद्याचं कलाभवन, तंत्रशिक्षणाची शाळा, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं ते नेमकं यासाठी, हाताला आणि डोक्याला एकत्र कामाला लावायला. चालू द्या.

रावपुऱ्याची_सून

तिसरा प्रश्न राहिला. जॉ घेत असाल तर स्पायडर बसवून एका बाजूला दीड-दोन मिलिमीटर मोकळे राहू द्या. पाकळ्या दोन्हीकडून चेपून बसवल्या तर क्रँकशाफ्टचा थ्रस्ट आणि पंपाची प्लेट दोन्हीवर सतत दाब. क्रँकला लांबीच्या दिशेने थोडा खेळ असतोच, तो जाणार कुठे?

नवशिक्या_वाघोडिया

मध्येच विचारतो, रागावू नका. ट्रॅक्टरच्या पीटीओवरून (मागे अवजारं चालवायला असलेल्या शाफ्टवरून) पंप चालवला तर हे सगळं टळेल ना?

तेलकट_हात

टळतं आणि वाढतं. पीटीओ ५४० ला फिरतो, सहा दातांचा एक-तीन-अष्टमांश इंची शाफ्ट. तेवढ्या वेगाला १६ सीसीतून मिनिटाला नऊ लिटरही तेल येत नाही, सिलिंडर मुंगीच्या पावलाने चालेल. वेग वाढवणारा गिअरबॉक्स लागतो किंवा मोठा पंप. ट्रॅक्टर दिवसभर वखारीत अडकून राहिला तर शेत कोण नांगरणार हा वेगळा मुद्दा. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

लिस्टरप्रेमी

नवशिक्या, लिस्टर घ्या.

वखारीचा_भाचा

अपडेट. रिलीफ १४० वर आणला, काळा धूर गेला. ६५ चं चॅनेल घेऊन सबफ्रेम केली, इंजिन आणि पंप दोन्ही तिच्यावर, रबर पॅड सबफ्रेमखाली. टर्नरकडे टायर कपलिंगची डिलिव्हरी दहा दिवस सांगितली, म्हणून एल-११० घेतलं, काळाच स्पायडर. टेपरला निळं लावून बघितलं, मस्त टेकला. डायल शेजारच्या शेडमधून आणला, ०.०८ वर थांबलो. दोन दिवस फोडतोय, खाली पूड शून्य. मामांनी स्वतः पाट्याएवढा ओंडका घालून बघितला.

पण एक नवीन. पंपातून सूं सूं आवाज येतोय, खडे फिरल्यासारखा. मला आधी वाटलं कपलिंगच. कपलिंगला हात लावला (बंद करून), थंड आहे. पट्टी ठेवून बघितलं, हललेलं नाही.

मकरपुराकर

मस्त काम. जाळी लावली का कपलिंगवर? वखारीत माणसं गमछा गळ्यात घालून वाकतात. पत्र्याची घडी करून वरून घाला, कामचलाऊ नको, चार बोल्टची.

वखारीचा_भाचा

आज लावतो.

तेलकट_हात

आवाजाचं: सक्शनचा पाइप किती इंची आहे? आणि टाकी पंपाच्या वर की खाली?

वखारीचा_भाचा

अर्ध्या इंचाचा होज. तोच शिल्लक होता. टाकी पंपाच्या जरा खाली. तेल ६८ नंबर.

तेलकट_हात

मिळालं. तुमचा पंप मिनिटाला २४ लिटर ओढतो. अर्ध्या इंचातून ते सेकंदाला तीन मीटरच्या वर धावतं, सक्शनला एक मीटरच्या आसपास हवं. तेल पुरत नाही, पंपात पोकळी होते, खडखड तिचीच. आतून खड्डे पडतात. एक इंची सक्शन होज घ्या, तारेचा, नाहीतर चपटा होतो. बेंड कमीत कमी, क्लॅम्प दोन लावा, आणि टाकी पंपाच्या वर उचलता आली तर उत्तमच. सक्शनला बारीक जाळीचा फिल्टर असेल तर तोही काढून बघा, गाळण परतीच्या लाइनवर करा.

तोपर्यंत सकाळी सकाळी गार तेलावर पूर्ण थ्रॉटल देऊ नका. वाल्व न्यूट्रलला ठेवून पाच मिनिटं चालू द्या, मग लाकूड घाला.

रुकमणी_मोटर्स_नव्हे

आणि सक्शनचे जोड साबणाच्या पाण्याने नाही, ग्रीस लावून तपासा. तिथे हवा आत जाते, बाहेर येत नाही, बुडबुडे दिसणारच नाहीत. ज्या जोडाला ग्रीस लावल्यावर आवाज बदलला, तो जोड.